जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलंही कॉलेजच्या इंग्रजीत कच्ची कशी ठरतात?

अमेरिकेत जन्मलेली, इंग्रजीतच बोलणारी आणि बारा वर्षं इंग्रजीतच शिकलेली मुलं चांगले मार्क मिळवून युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतात. आणि प्रवेश मिळाल्यावर युनिव्हर्सिटी त्यांना सांगते, "तुमचं इंग्रजी कॉलेजच्या लायकीचं नाही."

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कॅलिफोर्नियात ते वर्षानुवर्षं घडत होतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, ही अमेरिकेतली चार वर्षांच्या पदवीची सर्वात मोठी सरकारी विद्यापीठ व्यवस्था आहे. तिथे राज्यातल्या हायस्कूल पास झालेल्यांपैकी साधारण वरच्या एक तृतीयांश मुलांना प्रवेश मिळावा असं धोरण आहे. तरीही १९९८ मध्ये तिथे आलेल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास ४७ टक्के मुलं इंग्रजीच्या चाचणीत 'तयार नाहीत' असं ठरलं होतं.

मग ही 'तयारी' मोजतात कशी? मुलांना त्यासाठी तयार कसं करतात? आणि पुढे कॅलिफोर्नियाने ही चाचणीच का बंद केली? सविस्तर समजून घेऊया.

आधी एक गोंधळ दूर करू

इंग्रजीची परीक्षा म्हटलं की आपल्याकडे टोफेल आणि आयईएलटीएस आठवतात. त्या परीक्षा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांसाठी असतात. तुम्हाला इंग्रजी कळतं का, बोलता येतं का, हे त्या पाहतात.

कॉलेज रेडिनेस टेस्टचा प्रश्न वेगळा असतो. पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकाने दहा-पंधरा पानांचा लेख वाचायला दिला, तर लेखकाचं म्हणणं विद्यार्थ्याला पकडता येईल का? त्यातला कच्चा दुवा दिसेल का? आणि त्यावर स्वतःचं म्हणणं पुराव्यासकट लिहिता येईल का? हे जन्माने येत नाही. इंग्रजी घरात बोललं जात असो वा नसो, ते शिकावंच लागतं.

सुरुवात कुठून झाली?

सीएसयूने १९७७ मध्ये इंग्लिश प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे ईपीटी, सुरू केली. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांनी पहिलं सत्र सुरू होण्याआधी ती द्यायची. त्यात वाचनावरचे प्रश्न आणि एक निबंध असायचा. कमी गुण आले तर नेहमीच्या फर्स्ट इयर कम्पोझिशनच्या वर्गाऐवजी रेमेडियल वर्गात बसावं लागायचं.

रेमेडियल वर्गाची फी भरावी लागायची, वेळ जायचा, पण पदवीसाठी त्याचं क्रेडिट मिळायचं नाही. म्हणजे कॉलेज सुरू झालं तरी पदवीचा प्रवास सुरू झालेला नसायचा.

१९९६ मध्ये सीएसयूच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की, २००७ पर्यंत अशा विद्यार्थ्यांचं प्रमाण १० टक्क्यांवर आणायचं. पाठोपाठ नियमही कडक झाले. रेमेडियल अभ्यास साधारण एका वर्षात पूर्ण केला नाही, तर विद्यार्थ्याची नोंदणी थांबवली जाऊ लागली. पण २००७ साल उजाडलं तरी लक्ष्य गाठता आलं नाही.

खरी अडचण वेळेची होती. मुलाला आपली उणीव कधी कळायची? हायस्कूल संपल्यावर. शिक्षकांना कधी कळायची? बहुतेक वेळा कधीच नाही, कारण तोवर मूल शाळेतून बाहेर पडलेलं असायचं.

'निकाल वर्षभर आधी सांगा'

या अडचणीवर २००४ च्या सुमारास एक उत्तर निघालं. सीएसयू, राज्याचं शिक्षण खातं आणि राज्य शिक्षण मंडळ यांनी मिळून अर्ली असेसमेंट प्रोग्रॅम सुरू केला.

कल्पना सोपी होती. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असतं. अकरावीची मुलं राज्याची परीक्षा देतातच. त्यातच काही जास्तीचे प्रश्न आणि एक निबंध जोडायचा आणि मुलांना तेव्हाच सांगायचं, "तू कॉलेजच्या इंग्रजीसाठी तयार आहेस" किंवा "अजून नाहीस." 'नाही' म्हटलं तरी हातात पूर्ण बारावी उरते.

परीक्षा जवळपास तशीच राहिली, पण तिचं काम बदललं. आधी ती दार अडवत होती, आता ती वेळेत इशारा देऊ लागली.

अकरावीच्या परीक्षेत काय असतं?

२०१५ पासून हे काम स्मार्टर बॅलन्स्ड नावाची परीक्षा करते. ती कॉम्प्युटरवर होते आणि तिचे दोन भाग आहेत.

पहिला भाग अॅडॅप्टिव्ह असतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड होतो, चुकलं की सोपा. वाचन, लेखन, ऐकणं आणि संशोधन अशी चार कौशल्यं यात तपासतात.

दुसरा भाग म्हणजे परफॉर्मन्स टास्क. एका विषयावरचे काही लेख वाचायचे आणि त्यांच्या आधारे एक पूर्ण निबंध लिहायचा. यासाठी घड्याळ लावलेलं नसतं.

अकरावीच्या इंग्रजीचा निकाल २२९९ ते २७९५ या पट्टीवर येतो आणि चार स्तरांत विभागला जातो.

- २६८२ किंवा जास्त: कॉलेजच्या इंग्रजीसाठी तयार.
- २५८३ ते २६८१: अटीवर तयार. बारावीत मान्यताप्राप्त इंग्रजीचा कोर्स घेऊन 'सी' किंवा त्याहून चांगली ग्रेड मिळवली की अट पूर्ण होते.
- २४९३ ते २५८२: अपेक्षित पातळीच्या जवळ, पण अजून तयार नाही.
- २४९३ च्या खाली: बरीच मेहनत बाकी.

निबंध तपासण्याची पद्धत तर प्रत्येक पालकाने पाहावी अशी आहे. मांडणी आणि हेतूला ४ गुण, पुरावे आणि स्पष्टीकरणाला ४ गुण. व्याकरण, स्पेलिंग, विरामचिन्हं या सगळ्याला मिळून फक्त २ गुण. म्हणजे दहापैकी आठ गुण विचार कसा मांडला यासाठी आहेत.

एकाच विषयावरचे दोन निबंध

एक उदाहरण घेऊ. समजा विषय आहे, हायस्कूल सकाळी उशिरा सुरू व्हावं का? कॅलिफोर्नियात हा वाद खराच झाला. २०१९ मध्ये तिथे कायदा झाला आणि जुलै २०२२ पासून बहुतेक हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू करता येत नाहीत. ग्रामीण भागातल्या शाळांना यातून सूट आहे.

समजा विद्यार्थ्याला तीन लेख दिले. पहिल्यात बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्येच साडेआठ किंवा त्यानंतरची वेळ सुचवली होती. दुसऱ्या लेखात शाळेच्या बस आणि खेळांच्या सरावाची अडचण आहे. तिसऱ्यात सकाळी लवकर कामावर जाणाऱ्या पालकांची.

एक विद्यार्थी लिहितो, "झोप आरोग्यासाठी फार महत्त्वाची आहे. झोप नीट झाली तर मन प्रसन्न राहतं. म्हणून शाळा उशिरा सुरू व्हावी." एकही चूक नाही, वाक्यं नेटकी. पण दिलेल्या लेखांमधलं यात काहीच नाही. ते लेख न वाचताही हे लिहिता आलं असतं.

दुसरा लिहितो, "शाळा साडेआठला सुरू व्हावी, कारण पहिल्या लेखात डॉक्टर हीच शिफारस करतात. दुसरा लेख बसच्या वेळापत्रकाची अडचण दाखवतो. ती खरी आहे, पण ती नियोजनाची अडचण आहे, वेळापत्रक बदलता येतं. मुलांच्या शरीराचं घड्याळ तसं बदलता येत नाही. कामावर लवकर जाणाऱ्या पालकांसाठी मात्र शाळेचं आवार आधी उघडावं लागेल." यात एखादं स्पेलिंग चुकलं तरी हा निबंध पुढेच राहील.

महाराष्ट्रात शिकलेल्यांना पहिला निबंध ओळखीचा वाटेल. 'विज्ञान: शाप की वरदान' लिहिताना आपण याच वाटेने जायचो. मुद्दे डोक्यातून, सुविचार पाठांतरातून आणि शेवटी दोन्ही बाजूंना सांभाळून घेणारा समारोप. कॉलेज रेडिनेस टेस्टमध्ये समोरच्या मजकुराशी बोलावं लागतं आणि एक बाजू घ्यावी लागते.

मग तयारी कशी करून घेतात?

याचं सर्वात व्यवस्थित उत्तर म्हणजे एक्सपोझिटरी रीडिंग अँड रायटिंग कोर्स, ज्याला ईआरडब्ल्यूसी म्हणतात. अर्ली असेसमेंट प्रोग्रॅमच्या जोडीनेच सीएसयूचे प्राध्यापक आणि हायस्कूलचे शिक्षक यांनी एकत्र बसून तो तयार केला. मुख्यतः बारावीसाठी.

हायस्कूलच्या इंग्रजीत पूर्वापार कथा, कादंबऱ्या आणि नाटकांचा भर असतो. कॉलेजमध्ये गेल्यावर मात्र लेख, अहवाल, संशोधन आणि मतप्रदर्शन वाचावं लागतं. ही दरी भरायची म्हणून या कोर्समध्ये माहितीपर आणि वैचारिक लेखनावर भर दिला गेला.

त्यातला प्रत्येक धडा साधारण एकाच क्रमाने जातो.

पहिली पायरी वाचण्याआधीची. विषयाबद्दल आपल्याला आधीच काय वाटतं? लेखक कोण आहे, कुठे छापलंय, कुणासाठी लिहिलंय? शीर्षकावरून काय अंदाज येतो?

दुसरी पायरी वाचनाची, आणि ते दोनदा होतं. पहिल्यांदा लेखकाची बाजू समजून घेत वाचायचं, जणू त्याचं सगळं पटतंय. दुसऱ्यांदा शंका घेत. हा दावा कशावर उभा आहे? कुणाचा आवाज इथे नाही? हा आकडा इथे का वापरला?

तिसरी पायरी वाचनानंतरची. लेखाचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मग लेखक पटवून देण्यासाठी काय करतो हे शोधायचं. तो आकडे देतो, भावनेला हात घालतो की स्वतःच्या अनुभवाचा दाखला देतो?

त्यानंतर लेखन. कच्चा मसुदा, सोबत्याचा अभिप्राय, पुन्हा मसुदा. व्याकरणाच्या दुरुस्त्या शेवटी.

या सगळ्यात परीक्षेच्या युक्त्या जवळपास नाहीत. तरी फायदा होतो का? वेस्टएड या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात हा कोर्स घेतलेल्या बारावीच्या मुलांची ईपीटीमधली कामगिरी तुलनेच्या गटापेक्षा चांगली आढळली. फरक फार मोठा नव्हता, पण योगायोग म्हणून सोडून देण्यासारखाही नव्हता.

आणि मग परीक्षाच गेली

दरम्यान अमेरिकेतले संशोधक वेगळाच प्रश्न विचारत होते. या प्लेसमेंट टेस्ट मुलांना बरोबर वर्गात बसवतात तरी का?

कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरमधल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजांची आकडेवारी तपासली. इंग्रजीत साधारण तीनपैकी एक आणि गणितात चारपैकी एक विद्यार्थी अगदी चुकीच्या वर्गात बसवला जात होता, असं त्यांना दिसलं. त्यातही जास्त चुका एकाच दिशेच्या होत्या. नेहमीच्या वर्गात सहज पास झाली असती अशी मुलं रेमेडियलमध्ये अडकत होती. एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा हायस्कूलची चार वर्षांची ग्रेड जास्त खरं सांगते, हेही समोर आलं.

२०१७ मध्ये दोन मोठे निर्णय झाले.

एक, सीएसयूचे तेव्हाचे चॅन्सलर टिमथी व्हाइट यांनी ऑगस्टमध्ये आदेश काढून ईपीटी बंद केली. २०१८ पासून क्रेडिट नसलेले रेमेडियल कोर्सही गेले. आता हायस्कूलची ग्रेड, घेतलेले विषय, अकरावीचा निकाल, एपीसारख्या परीक्षा असं सगळं मिळून पाहिलं जातं. कमकुवत वाटणाऱ्या विद्यार्थ्याला क्रेडिटच्या वर्गातच बसवतात आणि जोडीला जास्तीची मदत देतात.

दोन, ऑक्टोबरमध्ये एबी ७०५ हा कायदा झाला. तो कम्युनिटी कॉलेजांसाठी आहे, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांसाठी. विद्यार्थी एका वर्षात विद्यापीठाच्या दर्जाचं इंग्रजी पूर्ण करू शकेल अशाच पद्धतीने त्याला वर्ग द्यायचा, असं हा कायदा सांगतो. त्यानंतर आलेल्या सूचनांनुसार, हायस्कूलचा जीपीए ४ पैकी २.६ किंवा जास्त असेल तर विद्यार्थी थेट त्या वर्गात जातो. त्याहून कमी असेल तरी वर्ग तोच मिळतो, फक्त सोबत मदतीची शिफारस होते.

म्हणजे आता तयारीची गरज नाही?

उलट ती वाढली आहे. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्नियाच्या अभ्यासानुसार, कम्युनिटी कॉलेजमध्ये पहिल्यांदा इंग्रजी घेणाऱ्यांपैकी २०१५ मध्ये सुमारे ३८ टक्के मुलं थेट वरच्या वर्गात बसत होती. २०१९ मध्ये हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलं. तो वर्ग पास होणाऱ्यांचं प्रमाणही सुमारे २७ वरून ६१ टक्क्यांवर गेलं.

ही मोठी झेप आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. १०० पैकी जवळपास ४० मुलं पहिल्या प्रयत्नात तो वर्ग पार करू शकली नाहीत. पूर्वी परीक्षा त्यांना दारातच थांबवायची. आता दार उघडं आहे, पण आत गेल्यावर पहिल्याच महिन्यात लेख वाचून निबंध द्यावा लागतो. तयारी नसेल तर ते ग्रेडमध्ये दिसतं, आणि ती ग्रेड कायम रेकॉर्डवर राहते.

मराठी घरांनी काय लक्षात ठेवावं?

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, होम लँग्वेज सर्व्हे. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात. तिथे मराठी लिहिलं तर मुलाला साधारण ३० दिवसांच्या आत ईएलपॅक नावाची इंग्रजीची चाचणी द्यावी लागते. घाबरायचं कारण नाही. मूल तिथे चांगलं ठरलं तर विषय तिथेच संपतो. 'इंग्लिश लर्नर' ठरलं तर दरवर्षी चाचणी होते. त्या गटातून बाहेर पडताना चाचणीचा निकाल, शिक्षकांचं मत, पालकांशी चर्चा आणि मूलभूत कौशल्यांची पातळी अशा चार गोष्टी पाहतात. पालकांशी चर्चा हा त्यातला अधिकृत भाग आहे, म्हणून शाळेचं बोलावणं आलं तर जायलाच हवं.

दुसरी, उशिरा गेलेली मुलं. पुणे किंवा नाशिकच्या इंग्रजी माध्यमातून थेट नववी-दहावीत तिकडे गेलेल्या मुलाचं व्याकरण अनेकदा पक्कं असतं. त्यामुळे घरच्यांना वाटतं, इंग्रजीची काळजी नाही. पण व्याकरणाचे गुण दहापैकी दोनच. लेख वाचून बाजू मांडण्याचा सराव मुद्दाम करून घ्यावा लागतो.

तिसरी, मराठी सोडायची गरज नाही. कॅलिफोर्नियात २०१२ पासून स्टेट सील ऑफ बायलिटरसी हा सन्मान आहे. इंग्रजीसोबत आणखी एका भाषेवर प्रभुत्व असणाऱ्याच्या हायस्कूल डिप्लोमावर त्याचा शिक्का मिळतो. इंग्रजीची अट पूर्ण करण्याचा एक मार्ग म्हणजे अकरावीचा हाच निकाल. मराठीचं प्रभुत्व कसं तपासतील, हे आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टला विचारावं.

तयारीचा साधा आराखडा

- नववी-दहावी: आठवड्यातून एक वैचारिक लेख वाचायचा. पाच ओळींत सारांश, स्वतःचं मत न घालता. मग वेगळ्या परिच्छेदात आपलं मत.
- अकरावीची सुरुवात: एकाच विषयावर दोन विरुद्ध बाजूंचे लेख घेऊन निबंध. स्मार्टर बॅलन्स्डच्या सराव चाचण्या ऑनलाइन मोफत आहेत, त्या एकदा तरी सोडवाव्यात.
- अकरावीचा निकाल: 'अटीवर तयार' आलं तर बारावीचे विषय निवडतानाच काउन्सेलरला विचारायचं, अट पूर्ण करणारा इंग्रजीचा कोर्स कोणता?
- बारावी: इंग्रजी हलकं घ्यायचं नाही. मान्यताप्राप्त कोर्स, आणि एक तरी मोठा निबंध तीनदा लिहून काढायचा.

यातल्या बऱ्याच गोष्टींना क्लासची फी लागत नाही. वाचायला लेख लागतो, लिहायला वही लागते. आणि लिहिलेलं वाचून "हे तू कशावरून म्हणतोस?" असं विचारणारं कुणीतरी लागतं. हा प्रश्न घरात मराठीत विचारला तरी चालतो.